चंदेरी काहील

लग्न होऊन शिरूरला आले तेव्हा पत्र्याचे दोनच उपयोग मला माहीत होते. एक, छपरावर घालायचा. दुसरा, रानडुकरं आली की काठीनं बडवायचा. माझं माहेर कवठे येमाईचं, तिथं याहून जास्त विद्या कुणी शिकवली नाही. सासरी मात्र पत्र्याच्या जिवावरच चूल पेटत होती. बाजारपेठेच्या टोकाला सासऱ्यांचं दुकान होतं. लग्नाच्या ट्रंका, धान्याच्या कोठ्या, पाण्याच्या टाक्या, जो जे सांगेल ते. नवरा एस.टी.त कंडक्टर. दिवसभर गाडीचा पत्रा वाजतो तेवढा बास, म्हणून तो दुकानाची पायरीसुद्धा चढत नसे.

मी चढले ती सासऱ्यांचा डबा पोचवायला. डबा ठेवून लगेच परतायचं, असा नियम. पण सासरे म्हणायचे, "आलीच हायस तर हे टोक धर." टोक धरता धरता मी कात्री धरायला लागले, कात्रीनंतर पत्रा चेपायची लाकडी मोगरी, आणि वर्ष-दोन वर्षांत घरच्यांच्या लक्षात यायच्या आत मी दुकानात मुरले. लग्नात हातावर मेंदी होती तिथं आता कथलाचे चटके होते आणि मला ते मेंदीपेक्षा जास्त आवडायचे. असली बावळट होते मी.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. ते शिकवायचे कमी, टोकायचे जास्त. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींत अडकवून चेपायच्या, तो घडीचा सांधा. पाणी ठेवायचं भांडं असलं तर त्या घडीत कथील-शिसं वितळवून सोडायचं, म्हणजे डाक द्यायचा. आणि जाड पत्रा, आगीवर बसणारा, असला तर रिव्हेट. रिव्हेट लाल तापवायचं, भोकात घालायचं, एकानं खालून जड लोखंड टेकवायचं आणि दुसऱ्यानं वरून ठोकून त्याची टोपी बसवायची. थंड होताना ते आखडतं आणि दोन पत्रे आपसूक आवळून धरतं. "नवरा-बायकोवानी," मामा म्हणायचे. "गरम असताना ठोकलं तर बसतं. गार झाल्यावर नुसता आवाज."

मला मात्र सांध्यांपेक्षा रंगाचा सोस. एका कारखान्यात जाणाऱ्या शेजाऱ्याकडून 'फिनिशिंग' हा शब्द मी उचलला होता आणि तो दिवसभर वापरायचे. कांदा चिरला तरी म्हणायचे, फिनिशिंग बघा. दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू मी घासायची, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरायची, प्रायमर मारायची आणि मग रंग. बाहेरून हिरवा नाही तर लाल, वर गुलाबाची फुलं; आतून चंदेरी. ट्रंक उघडली की आतून लखकन चमकली पाहिजे, हा माझा हट्ट. गुलाबाची फुलं कोबीसारखी दिसायची, पण तसं तोंडावर कुणी सांगत नसे. धाकटा दीर सोडून.

हे भावजी म्हणजे एक प्रकरण होतं. त्या काळात जिकडे तिकडे पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी. दुकानं निघत होती. आमची जागा रस्त्यावर, तोंडाशी. भावजींना तिथं काचेची केबिन दिसायची, आत फोन, आणि बाहेर रांग. "मामांचे डोळे गेले," ते सांगायचे (स्वतःच्या वडलांना तेही मामाच म्हणत, आम्हा सगळ्यांचं ऐकून). "आता दुकान चालवायचं कुणी? वहिनीनं? कोबी काढून?"

डोळ्यांचं खरंच होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मामा रिव्हेटची टोपी नखानं चाचपून बघायचे. घरात रोज तोच विषय. सासूबाई गप्प, नवरा ड्युटीवर, आणि मी भाकरी थापताना इतक्या जोरानं थापायची की शेजारीण विचारायची, आज दुकान घरीच भरलंय का. दुकान गेलं असतं तर मला कुणी उपाशी ठेवणार नव्हतं. पण मला मग नुसतं घरात बसायला लागलं असतं. हातातलं काम सुटलं असतं.

अशात यवतहून एक आप्पा आले. त्यांचं ऊस गाळायचं गुऱ्हाळ होतं. मामांनी पूर्वी त्यांना काहील करून दिली होती. काहील म्हणजे रस आटवायची कढई; पण कढई म्हटलं की भज्यांची आठवण होते म्हणून सांगते, हिच्यात दोन म्हशी बसून गप्पा मारतील एवढी ती असते. जुनीचा तळ गेला होता. आप्पांना हंगामाच्या आत नवी पाहिजे होती.

भावजी म्हणाले, "आप्पा, मामांना आता दिसत न्हाई. केडगावला टाका काम."

मामा खाटेवरून उठून बसले. "मला दिसत न्हाई. हिला दिसतं," माझ्याकडं हात करून म्हणाले. हात थोडा चुकला, सासूबाईंकडं गेला, पण सगळ्यांना कळलं. मग भावजींना म्हणाले, "तुझं-माझं एकदाच मिटू दे. ही काहील ती करंल. चुलाणावर चढून गळली, तर दुकान तुझं, घाल तुझा फोन. न्हाई गळली, तर दुकान तिचं, आन् परत त्यो विषय घरात काढायचा न्हाई. आप्पा साक्षीला."

आप्पांनी मला आपादमस्तक पाहिलं. "पोरी, ऊस तोडून आणल्यावर थांबत न्हाई बरं का. गळली तर माझा पहिला रस मातीत."

"गळायची नाही," मी म्हणाले. पुढं म्हणाले, "आणि फिनिशिंग तर बघतच राहाल."

माणसानं कधी गप्प बसावं हे मला अजून कळत नाही, तेव्हा तर मुळीच कळत नव्हतं.

काम मात्र जिवापाड केलं. काळा पत्रा आणला. मामांनी दोरी आणि खडूनं गोल आखला, अंदाजानं, डोळे जवळजवळ मिटूनच. भोकं पाडली. मामा खाली बसून लोखंड टेकवायचे, मी वरून हातोडा. त्यांचं म्हणणं, ज्याला फटका दिसतो त्यानं मारावा. रिव्हेटांची ओळ झाली की बोथट छिन्नीनं पत्र्याची कड खालच्या पत्र्यावर दाबत न्यायची, केसाएवढी फटही राहू द्यायची नाही. काठ जाड तारेवर वळवला. चार बाजूंना कड्या ठोकल्या. मग विटांवर काहील ठेवली, खालून चुना फासला आणि वरून पाणी भरलं. गळती असली की पांढऱ्या चुन्यावर ओला डाग उठतो. मी रस्त्यावर उताणी झोपून खालून बघितलं. सुनेनं भर बाजारात असं झोपावं का, यावर पेठेत बरीच चर्चा झाली. डाग एकच उठला, एका रिव्हेटच्या बुडाशी. ते मी छिन्नीनं पुन्हा दाबलं. परत पाणी, परत झोपणं. कोरडं ठाक.

मामांनी सगळ्या सांध्यावरून नख फिरवलं. "झाली," म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवरा त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला घेऊन गेला.

आणि मी एकटी काहिलीसमोर उभी राहिले.

ती मला नागडी वाटायला लागली हो. काळी, ओबडधोबड, हातोड्याच्या खुणांनी भरलेली. आमच्या दुकानातून अशी वस्तू जाणार? लोक काय म्हणतील? मामांनी रंगाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. सांगतील कशाला? चहाच्या पातेल्याला आतून रंग देऊ नकोस, असं कुणी कुणाला सांगतं का? पण मी ट्रंकवाली. माझ्या डोक्यात एकच पाठ पक्का: बाहेरून काही असो, आतून चंदेरी. आमच्या शिरूरकडं ज्वारी-कांदा. उसाचं गुऱ्हाळ मी लांबून बघितलेलं, वासापुरतं. काहिलीत रस उकळतो हे मला ठाऊक होतं. रंगही त्याच्याबरोबर उकळेल, हे डोक्यात आलंच नाही. आतून चंदेरी रंगाचे दोन हात मारले. वाळल्यावर अशी झळकली की पेठेतली माणसं येऊन बघून गेली. एकानं तिच्यात बघून भांग पाडला. भावजीही बघून गेले आणि, आश्चर्य म्हणजे, काही बोलले नाहीत. त्यांना कळलं होतं का नव्हतं, देव जाणे. ते आजही सांगत नाहीत.

टेम्पोत काहील पालथी घातली, वर ताडपत्री. मी आणि भावजी बरोबर. न्हावऱ्यावरून, भीमेचा पूल ओलांडून, चौफुल्यावरून यवतला पोचलो. वाटभर मी मनात आप्पांचं कौतुक ऐकत होते.

गुऱ्हाळावर उसाचा ढीग लागलेला. बैलगाड्या अजून रिकाम्या होत होत्या. चुलाण, म्हणजे काहिलीखालची भट्टी, सारवून तयार, बाजूला नारळ, हळदी-कुंकू. आठ-दहा माणसांनी कड्यांना धरून काहील उतरवली, उलटी केली, आणि ऊन आत पडलं.

माणसांनी डोळ्यांवर हात धरले.

मग गुळव्या पुढं आला. गुळव्या म्हणजे रस आटवून गूळ करणारा मुख्य माणूस. गुऱ्हाळावर मालकापेक्षा त्याचा आवाज मोठा. ह्याच्या मिशाही मोठ्या होत्या. तो काहिलीवर वाकला, मिशा पिळल्या, आणि म्हणाला, "आप्पा, गूळ पाडायचा का दाढ्या करायच्या?"

सगळं गुऱ्हाळ हसलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी बोटानं आतला रंग खरवडला, नखाखाली चांदी निघाली. "पोरी, हे काय केलंस?"

"फिनिशिंग," मी म्हणाले. खोटं का सांगू, तेच म्हणाले.

"अगं, हिच्यात लोकांच्या तोंडात जायचा गूळ व्हायचाय!"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. त्या काहिलीपेक्षाही लख्ख. मागं भावजी हळूच म्हणाले, "वहिनी, केबिनला निळी काच बरी दिसंल का साधी?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली. जुनी काहील भंगारात गेलेली. ऊस तोडलेला. गुळव्या म्हणाला, "सोप्पं हाय. कोरडी ठिवा चुलाणावर, आत चिपाडं टाका, द्या पेटवून. रंग जळून जाईल तासाभरात." दोघं जण कड्या धरायला वाकलेसुद्धा.

आणि मी ओरडले, "न्हाई!"

शिरूरची सून परक्या गुऱ्हाळावर, एवढ्या पुरुषांत, अशी ओरडली की बैलांनीसुद्धा माना वळवल्या. "कोरडी तापवायची नाही! पत्रा फुगंल, रिव्हेटं ढिली पडतील. मग गळणारच!"

"मग काय जिभेनं चाटून काढतीस?" गुळव्या म्हणाला.

खरं म्हणजे मला तेव्हा रडायचं होतं. पण डोकं नको तेव्हा बंद पडतं तसं कधीकधी नेमकं हवं तेव्हा चालतंही. दुकानात लोक जुन्या ट्रंका नव्यानं रंगवायला आणायचे. त्यांचा जुना रंग काढायला आम्ही काय करायचो? धुण्याचा सोडा घालून पाणी उकळायचो, त्यात फडकं बुडवून फासायचो. रंग सुटा होऊन सोलला जायचा.

"आप्पा, धुण्याचा सोडा मागवा. भरपूर. काहील पाण्यानं भरा आणि सोडा टाकून उकळा. पाणी आत असलं तर पत्र्याला काही होणार नाही."

"आन् गळली तर?"

"गळली तर पाणीच गळंल. रस तरी वाचंल."

आप्पांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग एकाला सायकलवरून यवतच्या बाजारात पिटाळलं. नारळ तसाच ठेवला. सोड्याच्या पाण्याला काय नारळ फोडायचा. मोटर चालू केली, पाइप काहिलीत सोडला. सोडा आला, पोत्यानंच ओतला. चुलाण पेटलं.

आता ऐका माझी दशा. सगळे पाण्याकडं बघत होते, मी एकटी चुलाणाच्या तोंडाशी बसून कान देत होते. तापलेल्या विस्तवावर थेंब पडला की चर्र आवाज होतो. तो आवाज म्हणजे दुकान गेलं. भावजीही माझ्या शेजारी येऊन बसले, तोच आवाज ऐकायला. दोघं दीर-भावजय एकाच भोकाला कान लावून. त्यांना ऐकू यावा असं वाटत होतं, मला येऊ नये असं.

पाणी कढलं. वर राखाडी फेस आला आणि मग माझी चांदी सायीसारखी सुटायला लागली. बायका उसाच्या लांब टिपऱ्यांनी ती साय बाजूला ओढत होत्या. एक जण म्हणाली, "बाई, तुमचं दूध लई घट्ट हाय." मला हसता येईना. कान आगीत होता.

आणि आलाच. चर्र.

भावजी उठून उभे राहिले. "गळली! आप्पा, गळली!"

आवाज परत आला. चर्र, चर्र. गुळव्या येऊन गुडघ्यावर बसला, तोंडावर हात धरून आत डोकावला. वर बघितलं, परत आत बघितलं. मग बाहेर डोकं काढून त्यानं भावजींना विचारलं, "पैलवान, तुमच्या पायाशी काय हाय?"

भावजींच्या पायाशी पाण्याचा पाइप होता. उठताबसता त्यांचा पाय लागून पाइपाचं तोंड काठाबाहेर आलं होतं आणि थेंब थेंब चुलाणाच्या धक्क्यावर पडत होते, तिथून आत. पाइप बाजूला केला. आवाज थांबला.

"तळ कोरडा," गुळव्या म्हणाला. "एक टोपीसुद्धा ओली न्हाई. रिपीट चांगलं बसवलंय, काय खोटं बोलू. डोकं नसलं तरी हात हाय पोरीला."

इतकी गोड शिवी मी जन्मात खाल्ली नाही.

पाणी दुपारभर उकळलं. मग ओतलं, काहील खाली घेतली, आणि विटेचे तुकडे, राख, वाळू घेऊन मी आत उतरले. माझ्याबरोबर गुऱ्हाळावरच्या बायका. आत बसून घासताना कळलं की दोन म्हशींचा माझा हिशोब बरोबर होता. रिव्हेटांच्या टोप्यांच्या कडेला रंग चिकटून बसला होता, तो मी कात्रीच्या टोकानं एकेक काढला. बायका विचारत होत्या, शिरूरकडं सगळ्याच बायका पत्रा ठोकतात का. मी म्हटलं, नाही, सगळ्या नवरा ठोकतात. माझा ड्युटीवर असतो. आता मला हसू यायला लागलं होतं. घासून घासून पत्रा खाली काळाभोर निघाला, हातोड्याच्या खुणांसकट. दुकानात ज्या खुणांची मला लाज वाटली होती त्या आता बघून बरं वाटलं.

मुक्काम आप्पांच्या घरी पडला. सकाळी पहिला काहीलभर रस आटवून खड्ड्यात ओतला, रंगाचा काही अंश राहिला असेल तर जावा म्हणून. आप्पांना ते ओतताना बघवत नव्हतं, ते उसाकडं तोंड करून उभे राहिले. दुसऱ्या वेळी आप्पांच्या कारभारणीनं नारळ फोडला. आमच्या जयभीमवाल्या घरात काहिलीला हळद-कुंकू नसतं, पण तिनं वाटी माझ्यापुढं धरली, "तुझ्या हातची हाय, तूच लाव," म्हणाली. मी लावलं. नाही म्हणायची ताकद तरी कुठं उरली होती! दुपारी गूळ ओतायच्या वाफ्यात गूळ पडला, रंगानं जरा काळपट, पण कुणी खोड काढली नाही. गुळव्यानं एक खडा तोंडात टाकला, मिशी पुसली आणि म्हणाला, "चांदीची चव न्हाई."

आम्ही शिरूरला परतलो त्याच दिवशी मामाही पुण्याहून आले होते. एका डोळ्यावर हिरवं फडकं, खाटेवर ताठ बसलेले. डॉक्टरांनी वाकू नका, खोकू नका, हसू नका असं बजावून सांगितलेलं. भावजींनी मी पाय धुवायच्या आत सगळी गोष्ट सांगितली, मीठ-मसाला घालून. मी मधे एकदाच म्हणाले, "आणि पाइप?" बाकी मसाला काढला तरी गोष्ट तीच होती.

मामा ऐकत होते. 'दाढ्या करायच्या' इथवर आलं आणि त्यांचं अंग हलायला लागलं. एका हातानं डोळ्यावरचं फडकं दाबलं, दुसऱ्यानं खाट. "थांब रं, टाका उसवंल," म्हणाले आणि पुन्हा हलायला लागले. सासूबाई धावल्या. "हसू नका म्हणलंय ना!"

"मी कुठं हसतोय? खाट हसतीय."

बऱ्याच वेळानं शांत झाले. भावजी म्हणाले, "तर मग मामा, आता ठरल्याप्रमाणं..."

"ठरलं काय हुतं?"

"की ही काहील..."

"गळली का?"

भावजी माझ्याकडं बघायला लागले. मी जमिनीकडं.

"गळली का, एवढंच इचारलं मी. रंग कुठला दिला, त्ये न्हाई इचारलं."

"न्हाई गळली," भावजी म्हणाले. खोटं बोलायचा माणूस नाही तो. तेवढं त्याचं मी आजही मानते.

"मग मिटलं," मामा म्हणाले. "दुकान तिचं. आन् तू, ती पाइपाची गोष्ट सांगायची इसरलास, ती सांग आता. हळू सांग. मला हसायचं न्हाई."

भावजी सांगायला लागले. मी चुलीपाशी जाऊन बसले. दोन दिवस माझ्या घशाखाली धड घास उतरला नव्हता, सासूबाईंनी पिठलं-भाकरी पुढं ठेवली आणि मी इतकं जेवले की त्या म्हणाल्या, "काहील तूच गिळलीस का काय?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. खरं म्हणजे काम काहीच नव्हतं. एक पत्र्याचा तुकडा पडला होता, कशाच्याच उपयोगाचा नव्हता. तो घेतला, कड वाकवली, दुसरी कड वाकवली, एकमेकींत अडकवल्या आणि मोगरीनं चेपून टाकल्या. नुसत्याच. आवाज चांगला आला.